चुन्याचा हात आणि अंधारी खोली

अंधाऱ्या खोलीला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न आज रंगाच्या दुकानात शेड कार्ड समोर ठेवून विचारला जातो. कार्डावर नुसत्या पांढऱ्याच्याच पंधरा-वीस छटा असतात. त्यांतली नेमकी छटा हाती लागली की खोली उजळेल, असा गिऱ्हाइकाचा समज असतो आणि दुकानदारही तो मोडत नाही. पुणे-साताऱ्याकडचे वाडे, पालघर-डहाणूकडची कुडाची घरे आणि मुंबईतल्या चाळी यांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या समजाला फारसा आधार सापडत नाही. या घरांत अंधाऱ्या खोल्यांची कमतरता कधीच नव्हती. माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, चाळीतली मागची मोरीकडची बाजू, जिन्याखालची खोली ही सगळी अंधाराचीच ठिकाणे. तिथे उजेड टिकवायचा कसा, याचे एक उत्तर लोकांनी शोधून काढले होते आणि त्या उत्तरात रंगाच्या निवडीला जागा फार थोडी होती. भिंतीला हात किती वेळा द्यायचा आणि तो द्यायची जबाबदारी कोणाची, यावर खोलीतला उजेड ठरत असे. ही जबाबदारी काळानुसार कोणाकडून कोणाकडे गेली, हे पाहिले की आपल्या अंधाऱ्या खोल्यांचा सारा इतिहास उलगडतो, आणि आज आपण चुकीचा प्रश्न का विचारत आहोत तेही कळते, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात वाड्यापासून करू. पेशवाईतल्या आणि नंतरच्या वाड्याची रचना चौकाभोवती असे. रस्त्याकडच्या भिंती जाड असत, खालच्या मजल्यावर खिडक्या मोजक्या आणि लहान. त्यामागे चोरांची भीती होती, उन्हाळ्याचा विचार होता आणि बायकांच्या वावराला आडोसा हवा ही समजूतही होती. त्यामुळे आतल्या खोल्यांत येणारा उजेड बहुतेक चौकातून येई, तोही ओसरी ओलांडून. दिवाणखाना वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांचा. रंग, नक्षी आणि चित्रे यांना जागा तिथे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. अशी सजावट बहुधा बैठकीच्या आणि माडीच्या खोल्यांत होई. माजघराच्या वाट्याला चुना किंवा पांढऱ्या मातीचे पोतारणे आले, आणि जमिनीला सारवण. म्हणजे रंग गेला उजेडाच्या खोलीत आणि पांढरा राहिला अंधाराच्या खोलीत. ही वाटणी पैशाची होती हे खरे, पण निव्वळ पैशाची नव्हती. ज्यांना दिवाणखाना रंगवून घेणे परवडत होते त्यांना माजघरही रंगवता आले असते. त्यांनी ते केले नाही, कारण माजघराच्या शेजारी स्वयंपाकघर होते, चुलीचा धूर होता, कोनाड्यातल्या तेलाच्या दिव्याची काजळी होती. तिथे चढवलेला कोणताही रंग वर्षभरात काळवंडणार हे घरच्यांना माहीत होते. दरवर्षी नवा देता येईल असाच लेप तिथे चालणार होता.

हा लेप कसा तयार होई ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले पांढरे खडे, पिंपात किंवा हौदात टाकून वर पाणी ओतले की तो फसफसून उकळायला लागे. या वेळी लहान मुलांना लांब ठेवावे लागे, कारण शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीती. रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ मुरल्यावर तो फडक्यातून गाळून घेत. हाताला पांढरे लागू नये म्हणून त्यात खळ किंवा डिंकाचे पाणी घालत आणि शेवटी नीळ, तीही अगदी बेताची. नीळ जास्त झाली की भिंत आजारी दिसते, आणि अजिबात नसली की चुन्याचा पिवळटपणा डोळ्यांत येतो. मग कुंच्याने एक हात उभा आणि एक आडवा. ओला असताना हा लेप भिंतीवर दिसतही नाही, खालचे डाग तसेच दिसत राहतात. नवख्या माणसाला वाटते की चुना पातळ झाला. तो जसजसा वाळतो तसतसा पांढरा होत जातो, आणि पुढचे काही दिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीचा थर बनतो. म्हणजे दरवर्षी भिंतीवर दगडाचाच एक पातळ, नवा, स्वच्छ पापुद्रा चढतो. पावसाळ्यातली बुरशी त्याच्या दाहकपणामुळे मरते. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन पडलेले असते, भिंती वाळलेल्या असतात, म्हणून हे काम दसरा-दिवाळीच्या आधी होई. हा सणाचा रिवाज आहे, त्याचा उजेडाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण रिवाज आणि कारण यांचे वैर नसते. वर्षातून एकदा नेमके कधी करायचे हे सणाने ठरवून दिले, त्यामुळे ते टाळता आले नाही, आणि अंधाऱ्या खोलीच्या दृष्टीने ते न टळणे हाच मोठा लाभ होता.

हा लाभ किती मोठा, ते साध्या हिशेबाने दाखवता येते. ताज्या चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे ऐंशी टक्के परत फेकते असे धरू. शंभर भाग उजेड भिंतीवर पडला तर ऐंशी भाग परतले, ते समोरच्या भिंतीवर आदळले, त्यातले चौसष्ट परतले, मग एक्कावन्न, आणि असेच पुढे. ही सगळी बेरीज पाचशेच्या घरात जाते. आता तीच भिंत धुराने आणि धुळीने थोडी मळली आणि साठ टक्केच उजेड परत फेकू लागली असे समजू. शंभर, साठ, छत्तीस, साडेएकवीस अशी ती बेरीज अडीचशेवर थांबते. म्हणजे भिंतीचा पांढरेपणा शंभरात वीसने घटला, पण खोलीत फिरणारा उजेड निम्मा झाला. प्रत्यक्ष खोलीत जमीन असते, सामान असते, काही उजेड खिडकीतूनच परत बाहेर जातो, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. तरी दिशा हीच. आणि हा फरक अंधाऱ्या खोलीतच सर्वांत जास्त जाणवतो. भरपूर खिडक्यांच्या खोलीत आपण आकाशाच्या थेट उजेडात वावरतो, भिंती मळल्या तरी पुस्तक वाचता येते. माजघरात थेट उजेड नसतोच, तिथे जे काही दिसते ते भिंतींनी एकमेकींकडे टोलवलेल्या उजेडात दिसते. म्हणून मळकी भिंत दिवाणखान्यात फक्त वाईट दिसते, पण माजघरात ती खोलीच अंधारी करते. शेड कार्डावरच्या दोन शुभ्र छटांमधला फरक दोन-चार टक्क्यांचा असतो आणि दोन वर्षांची काजळी त्याच्या कितीतरी पट असते. कालनिर्णय भिंतीवरून काढल्यावर मागे जो स्वच्छ चौकोन दिसतो, तो हा हिशेब कोणत्याही आकड्याविना सांगतो.

यावर एक सबळ हरकत आहे आणि ती वारल्यांच्या घरातून येते. डहाणू, तलासरी, जव्हार या भागातले जुने वारली घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. खिडकी बहुधा नाहीच, उजेड येतो तो दारातून आणि कुडाच्या फटींतून. इतक्या अंधाऱ्या घरात भिंतीला देतात गेरू, म्हणजे काळपट तांबडा रंग. उजेड परत फेकण्याच्या कसोटीवर यापेक्षा वाईट निवड शोधूनही मिळणार नाही. मग लोकांना अंधारावरचा उपाय ठाऊक होता हे म्हणणे कसे टिकते? मला वाटते, ते टिकते, पण थोडी भर घालून. घरच्यांचा बराचसा दिवस अंगणात आणि रानात जात असे, आतल्या खोलीत बारीक काम करायचे नव्हते. तिथे उजेडापेक्षा भिंतीवरचे चित्र दिसणे महत्त्वाचे होते. लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते, शेजारी देवचौक. मंद उजेडात तांबडा रंग डोळ्यांना आणखी काळा भासू लागतो. डोळ्यांचा हा गुण चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 1820 च्या दशकात नोंदवला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. गेरूची भिंत अशी मागे सरते आणि पिठाची पांढरी रेघ पुढे येते. उजेडात ठेवलेल्या कागदावर तेच चित्र सुंदर दिसते, पण अंधाऱ्या कुडावर ते नुसते सुंदर नसते, घरातली सर्वांत ठळक गोष्ट तेच असते. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे 1970 च्या दशकापासून ही कला कागदावर आणि जगभर गेली, तेव्हा तिची ही मूळ गरज मागे पडली. आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, चौक काढायच्या आधी भिंत नव्याने सारवली जाते. चित्र कायमचे ठेवायचे नसते. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा नवी, चित्र पुन्हा ताजे. पांढरा असो की तांबडा, दोन्हीकडे भिंत जिवंत ठेवतो तो नव्याने दिलेला हातच.

घरच्या माणसांच्या हातात असलेले हे काम सरकारच्या हाती पहिल्यांदा गेले ते प्लेगच्या वेळी. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे तेव्हा कोणी सिद्ध केलेले नव्हते. कोंदट हवा, ओल आणि अंधार हेच रोगाचे घर, असे अधिकारी मानत होते. 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीने मुंबईत घरोघर चुना मारून घेतला. चाळींच्या छपरांची कौले काढून उजेड आणि वारा आत यावा म्हणून भोके पाडली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर यू.एच.एच. (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ही अक्षरे रंगवली गेली. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सोल्जरांच्या तुकड्या घरात शिरल्या, माजघर आणि देवघरही सोडले नाही, आणि झडतीपाठोपाठ चुना मारणारी माणसे आली. दिवाळीला घरचीच माणसे ज्या चुन्याचा हात देत, तोच चुना आता बूट घालून घरात आलेल्या माणसांच्या हुकमाने लागला. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे केवढा संताप साठला होता हे सर्वश्रुत आहे. पिसवांना या चुन्याने फारसा अटकाव झाला नसावा. पण अंधारी खोली हा आरोग्याचा, म्हणून सरकारच्या अखत्यारीतला विषय आहे, ही कल्पना या साथीने रुजवली, आणि ती पुढे मावळली नाही.

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ओर यांनी उजेडाचा एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. भूमितीत हा कोन म्हणजे दोनास एक. समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये किमान वीस फूट मोकळे हवे. माझ्या मते मुंबईच्या घरबांधणीच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा आकडा आहे, कारण भिंतीचा रंग फक्त आलेल्या उजेडाला वाढवतो, मुळात काही आलेच नाही तर वाढवणार काय? 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, मधून जाणारा बोळ आणि दोन्ही बाजूंनी दारे. त्याच खोलीत चूल, मोरी, झोपणे, बाळंतपण, आजारपण. गिरण्यांच्या या कामगारवस्तीत दिवसाही दिवा लावावा लागे, आणि ज्या बोळातून खोलीत उजेड यायचा तो बोळच मुळात काळोखा.

इथे एक विरोधाभास आहे, तो मला फार बोलका वाटतो. कारखान्याच्या भिंतींबद्दल कायदा कमालीचा काटेकोर होता. इंग्लंडमध्ये 1802 च्या कायद्यापासूनच गिरण्यांच्या खोल्यांना वर्षातून दोनदा चुना मारण्याची सक्ती होती आणि तीच परंपरा आपल्याकडे आली. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचे अकरावे कलम पाहा. चुन्याची भिंत असेल तर दर चौदा महिन्यांत एकदा सफेदी. तेलरंग असेल तर पाच वर्षांतून एकदा नवा रंग आणि मध्ये दर चौदा महिन्यांनी सफाई. पाण्याने धुता येणारा रंग असेल तर तीन वर्षांतून एकदा नवा हात आणि सहा महिन्यांतून एकदा धुणे. वर तारखांची नोंद ठेवायची तीही सक्ती. भिंत कोणत्या रंगाची असावी याबद्दल हा कायदा एक शब्द बोलत नव्हता. त्याला काळजी होती ती फक्त दोन हातांमधल्या अंतराची. वाड्यातल्या बाईला जे दिवाळीच्या मुहूर्ताने कळत होते तेच कायद्याने महिन्यांत मोजून लिहिले. आणि ज्या कामगाराच्या माथ्यावरची गिरणीची भिंत चौदा महिन्यांनी पांढरी होणे बंधनकारक होते, तो पाळी संपवून ज्या खोलीत परते तिच्या भिंतीला असा कोणताही कायदा नव्हता.

चाळीतल्या भिंतींचा पुढचा इतिहास भाडे नियंत्रण कायद्याशी जोडलेला आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे ठरवले. या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर वाचवले आणि तो नसता तर गिरणगाव कधीच उठला असता, याबद्दल शंका नको. पण भाडे गोठले आणि महागाई वाढत गेली, तसा मालकाने हात आखडता घेतला. सर्वांत आधी थांबली ती सामाईक भागांची सफेदी, म्हणजे जिना, गॅलरी, बोळ, चौकाच्या भिंती. चाळीतल्या खोलीला उजेड थेट आकाशातून मिळत नाही, तो गॅलरीच्या छतावरून, समोरच्या भिंतीवरून, चौकाच्या जमिनीवरून टोलवला जाऊन मिळतो. या भिंती काळ्या झाल्या तेव्हा खोलीच्या आत कोणी कितीही खर्च केला तरी आत येणारा उजेडच आटला. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला, पण मंडळाचे काम इमारत पडू नये यासाठी होते, ती पांढरी राहावी यासाठी नव्हते.

खोलीच्या आतली जबाबदारी आता पूर्णपणे भाडेकरूवर, म्हणजे व्यवहारात घरातल्या बाईवर आली, आणि त्यासाठी बाजार नवा माल घेऊन तयार होता. 1942 मध्ये मुंबईत चंपकलाल चोक्सी आणि त्यांच्या तीन मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी कंपनीसाठी कपाळावर केसांची झुलपे आलेला, हातात ब्रश धरलेला गट्टू रेखाटला. कंपनीचे ट्रॅक्टर डिस्टेंपर मध्यमवर्गात घरोघर पोचले. साधे डिस्टेंपर चुन्यापेक्षा तकतकीत, पण ओल्या फडक्याने पुसले की निघून यायचे. तेलरंग महाग, पण साबणाच्या पाण्याने धुता यायचा. ज्या खोलीत स्टोव्ह पेटतो तिथे हा गुण लाखमोलाचा, म्हणून चाळीत कमरेपर्यंत किंवा पूर्ण भिंतीला तेलरंग आला. आता तो बहुधा फिकट निळा, पिस्ता किंवा गुलाबी का असे? मळ दिसू नये म्हणून, हे नेहमीचे उत्तर चूक नाही. पण मला आणखी एक कारण दिसते. जवसाच्या तेलात कालवलेला पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो, आणि ऊन लागणाऱ्या भिंतीवर तोच पिवळेपणा बराच मावळतो. म्हणजे पांढऱ्याची जिथे सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच पांढरा तेलरंग दगा देतो. चुन्यात ही खोड नव्हती. निळसर किंवा हिरवट छटेत हा पिवळेपणा लपून जातो. चाळीतल्या निळ्या-हिरव्या भिंतींना गावंढळ आवड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तो अनुभवाने शिकलेला शहाणपणाचा सौदा होता. त्यात थोडा उजेड सोडला जाई आणि त्याच्या बदल्यात टिकाऊपणा मिळे.

तरीही या सौद्यात एक गोष्ट हरवली. चुना वर्षाचा होता, तेलरंग पाच-सात वर्षांचा झाला. धुता येतो याचा अर्थ कोणीतरी तो धुतला पाहिजे. कारखान्याच्या कायद्याने हे ओळखले होते, म्हणून तेलरंगालाही चौदा महिन्यांची सफाई सांगितली. घरात ते सांगणारे कोणी नव्हते. शिवाय ओल असलेल्या भिंतीवर तेलरंगाचे पोपडे निघतात, कारण त्यातून ओल बाहेर पडत नाही, आणि चुन्यातून ती पडते. जाहिराती टिकाऊपणावर भर देऊ लागल्या. 1946 मध्ये तिरुवनंतपुरमजवळ त्रावणकोर टिटॅनियमचा कारखाना स्थापन झाल्यावर टिटॅनियमचा शुभ्र पांढरा देशातच बनू लागला. तो चुन्याहून जास्त झाकणारा, शुभ्र, न काळवंडणारा. पण काजळी रंगावर बसते, रंगात नाही, आणि पांढरा शिशाचा, जस्ताचा की टिटॅनियमचा, असा भेद ती करत नाही. रंग जितका टिकाऊ, तितका लोक त्यावर नवा हात द्यायला उशीर करतात, आणि अंधारी खोली तितकीच जास्त वर्षे अंधारी राहते.

आज सजावटकार याच्या अगदी उलट सल्ला देतात. त्यांचे म्हणणे, अंधाऱ्या खोलीत पांढरा रंग करडा आणि उदास दिसतो, म्हणून अंधार मान्य करून गडद निळा, शेवाळी किंवा वीटकरी रंग द्यावा आणि खोलीला ऊब आणावी. हा सल्ला धुडकावून लावण्यासारखा नाही. पांढरा मंद उजेडात करडा दिसतो हे निरीक्षण बरोबर आहे, आणि ज्या खोलीत संध्याकाळीच बसायचे, चार-पाच दिवे लावून, तिथे गडद भिंत खरोखर देखणी दिसते. पण हा सल्ला ज्या घरासाठी आहे त्यात दुसरी उजेडाची खोली असते. वाड्यातही असेच होते: दिवाणखाना असणाऱ्याला रंगांची चैन परवडत होती. एकाच खोलीत तांदूळ निवडायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, म्हाताऱ्यांची औषधे ओळखायची असतील तर गडद भिंत दिवसभर वीज मागते. ट्यूबलाइट आली म्हणून भिंतीचा प्रश्न सुटला असेही कोणी म्हणेल, पण दिव्याच्या उजेडालाही वर मांडलेला हिशेबच लागू पडतो. मळक्या भिंतीच्या खोलीत तेवढ्याच वाचनासाठी जास्त दिवे लावावे लागतात, आणि बिल दर महिन्याला येते. उबदार दिसणे ही खरी गरज असेल तर दिव्याचा रंग पिवळसर निवडणे भिंत काळी करण्यापेक्षा स्वस्त पडते आणि आवडले नाही तर बदलताही येते.

या सगळ्यावरून आज काय करावे? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईत पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे, आणि उजेड-वाऱ्याच्या अभावाचा क्षयरोगाशी असलेला संबंध तिथल्या पाहणीत दाखवला गेला. ओर यांचा नियम लावला तर तीन मीटरच्या अंतराला सहा मीटरची, म्हणजे दोन मजल्यांची इमारत शोभते. तिथे आठ मजले उभे आहेत. अशा घराच्या आतल्या भिंतीला कोणती छटा द्यावी याची चर्चा करणे म्हणजे मूळ गोष्ट टाळणे. जुन्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाने वाढीव चौरस फुटांच्या आधी एक आकडा मागावा: माझ्या खिडकीसमोर किती उंच बांधणार आणि किती अंतरावर. अंतर उंचीच्या निम्मे आहे का, हे कोणालाही तपासता येते.

आणि जिथे इमारती बांधून झाल्या आहेत तिथे एक काम उद्याच करता येते. तुमच्या अंधाऱ्या खोलीची सर्वांत महत्त्वाची भिंत तुमच्या घरात नाही, ती खिडकीसमोर डक्टमध्ये आहे, शेवाळ आणि पाइपच्या डागांनी काळी झालेली. तुमच्या खोलीत येणारा बहुतेक उजेड तिच्यावर आदळूनच येतो. ती सामाईक आहे, म्हणून चाळीच्या बोळासारखी कोणाचीच नाही. घरातल्या भिंतींना धुता येणारा साधा पांढरा रंग पुरे, दर वर्षी पुसून, दर तीन वर्षांनी नवा हात देऊन. पण सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव जरूर मांडा: डक्टच्या आणि जिन्याच्या भिंती गळती काढून दरवर्षी दिवाळीआधी चुन्याने पांढऱ्या करायच्या, आणि त्याचा खर्च देखभाल निधीत कायमचा धरायचा.